साथीदारांची ध्वनिमुद्रिका : ‘फ्री नॅशनल्स’ आणि मृदू सोलसंगीतातील यंत्रस्वर

अमेरिकेतील सोल, फंक आणि रिदम अँड ब्लूज या परस्परसंबद्ध संगीतप्रकारांचा इतिहास आजवर बहुतांशी गायकगायिकांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. ओटिस रेडिंग, मार्व्हिन गे, अरीथा फ्रँकलिन ही नावे पाश्चात्य लोकप्रिय संगीताच्या अभ्यासकांना अपरिचित नाहीत. परंतु त्यांच्या मागे बसून ज्यांनी ती गीते वाजविली त्यांची नावे विचारली असता जाणकारही क्षणभर थबकतात. या विस्मृतीचा सर्व दोष श्रोत्यांच्या अनास्थेवर ढकलता येणार नाही. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर कोणाचे नाव छापावयाचे, उत्पन्नाचा वाटा कोणाला द्यावयाचा आणि कोणाची बोळवण दिवसाच्या मेहनतान्यावर करावयाची, यांविषयीचे व्यवहारच असे बेतलेले होते की वादकाने अनाम राहावे. अशा वादकांनी मधून मधून स्वतःच्या नावावर ध्वनिमुद्रिका काढल्या. गायकांच्या ध्वनिमुद्रिकांच्या मानाने त्या थोड्या आहेत व त्यांची कीर्तीही बेताचीच आहे. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र त्या मोलाच्या होत. कारण मुख्य गायक उठून गेल्यावर मागे नेमके काय उरते, हे त्यांवरून कळते.

प्रस्तुत लेखात अशाच एका ध्वनिमुद्रिकेचा परामर्श घ्यावयाचा आहे. अँडरसन पाक हा कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड या गावचा गायक व ड्रमवादक. (आपल्या आडनावापूर्वी एक टिंब लिहिण्याचा त्याचा परिपाठ आहे, येथे ते वगळले आहे.) ‘फ्री नॅशनल्स’ हा त्याचा साथीचा वाद्यवृंद होय. होसे रिओस हा गिटारवादक, केल्सी गोन्झालेस हा बेसवादक, रॉन अव्हान्ट ऊर्फ टी. नावा हा की-बोर्डवादक आणि कॅलम कॉनर हा डी. जे., असे चौघे त्यात आहेत. ‘मालिबू’ (२०१६), ‘ऑक्सनार्ड’ (२०१८) व ‘व्हेंचुरा’ (२०१९) या पाकच्या संग्रहांच्या काळात हा वृंद रंगमंचावर सतत त्याच्या बरोबर होता. १३ डिसेंबर २०१९ रोजी या चौघांनी ‘फ्री नॅशनल्स’ याच नावाने स्वतःचा १३ गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. संथ लयीचे, मऊ पोताचे सोलसंगीत आणि त्यात मुरलेली इलेक्ट्रॉनिक वाद्ये, असे त्याचे स्थूल वर्णन करता येईल.

या वर्णनातच एक विसंगती दडलेली आहे. विद्युत्‌यंत्रांनी साथीच्या वादकाचे पोट मारले, हा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील अनुभव आहे. बेसवादकाची जागा सिंथेसायझरने घेतली, ड्रमवादकाची तालयंत्राने. १९८२ साली ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरच्या वापरावर बंदी मागणारा ठराव केला होता. आज तो हास्यास्पद वाटतो. ठराव करणाऱ्यांची भीती मात्र निराधार नव्हती. असे असता साथीदारांनी स्वतःच्या नावाने बोलावयाचे ठरविले तेव्हा नेमक्या त्याच यंत्रांचा आश्रय का घ्यावा? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर सोलसंगीताच्या जुन्या इतिहासात आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

‘साथ’ हा आपला शब्द या संदर्भात जपून वापरला पाहिजे. आपल्या बैठकीत तबलजी वा पेटीवाला गायकाच्या शेजारी बसतो, त्याचे नाव पत्रिकेत छापले जाते आणि मर्मज्ञ श्रोता त्याच्याकडेही कान ठेवून असतो. साथ करणारा तेथे आयत्या वेळी गायकाच्या मागे जातो. सोलसंगीतातील साथीदाराचे काम पुष्कळदा याच्या उलट क्रमाने चाले : वादक आधी आकृती रचीत, त्या आकृतीवर गायक नंतर येई. डेट्रॉइट येथील मोटाऊन कंपनीच्या तळघरातल्या स्टुडिओत ‘फंक ब्रदर्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादकांनी १९६० नंतरच्या दशकात अगणित गीतांचा सांगाडा उभा केला. जेम्स जेमर्सन याच्या बेसवादनाविना त्यातील अनेक गीते कल्पनेतही आणता येत नाहीत. तरीही मोटाऊनच्या संग्रहावर या वादकांची नावे प्रथम झळकली ती १९७१ साली, मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर. १९८३ साली कंपनीच्या पंचविशीचा भव्य सोहळा झाला तेव्हा जेमर्सन रंगमंचावर नव्हता, प्रेक्षकांत होता. त्याच वर्षी तो वारला.

या वादकांना स्वतःची ध्वनिमुद्रिका काढण्याची संधी अगदीच मिळाली नाही असे नाही, पण ती कशी मिळाली हे पाहण्यासारखे आहे. १९६५ साली अर्ल व्हॅन डाइक या की-बोर्डवादकाच्या नावाने ‘दॅट मोटाऊन साउंड’ हा संग्रह निघाला. (‘फंक’ हा शब्द मालक बेरी गॉर्डी याला रुचत नसे, म्हणून वृंदाचे नाव ‘सोल ब्रदर्स’ असे ठेवण्यात आले.) त्यासाठी प्रसिद्ध गीतांची आधीच मुद्रित असलेली साथ घेतली गेली, गायकाचा आवाज काढून टाकण्यात आला आणि त्याच्या जागी व्हॅन डाइकने ऑर्गनवर चाल वाजविली. म्हणजे घर तेच, फक्त मालकाच्या खुर्चीत ऑर्गन आणून ठेवला. ऐकताना सतत काहीतरी हरवल्यासारखे वाटते, याचे कारण उघड आहे : ती रचना एका मानवी आवाजासाठी जागा राखून केली होती, आणि ऑर्गन ती जागा भरतो खरा, पण ती त्याच्या मापाची नाही. साथीदारांच्या प्रत्येक स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेपुढे हीच अडचण उभी राहते. मध्यभागी गायकाच्या आकाराची एक पोकळी असते. तिचे करावयाचे काय?

मेंफिस येथील ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’ या चौघांनी तिचे वेगळे उत्तर शोधले. स्टॅक्स कंपनीचा हा घरचा वाद्यवृंद. १९६२ साली ‘ग्रीन अनियन्स’ हे गीत त्यांनी दुसऱ्या एका गायकाच्या कामासाठी जमले असता मिळालेल्या फावल्या वेळात वाजविले. ऑर्गन वाजविणारा बुकर टी. जोन्स तेव्हा सतरा वर्षांचा होता. या गीतात चाल अशी फारशी नाहीच. एक आखूड आकृती वारंवार येते, गिटार मधूनच तुटक वाक्य टाकते आणि बराच वेळ कोणीच पुढे येत नाही. पोकळी भरण्याऐवजी त्यांनी तिच्याभोवतीच संगीत रचले. पुढे बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ची वाद्यावृत्ती असलेला ‘मॅक्लेमोर अव्हेन्यू’ (१९७०) आणि ‘मेल्टिंग पॉट’ (१९७१) या संग्रहांत त्यांनी हे तंत्र लांबलचक रचनांपर्यंत नेले. न्यू ऑर्लीन्समधील ‘द मीटर्स’ यांचे ‘सिसी स्ट्रट’ (१९६९) याच वाटेवरचे. फिलाडेल्फियातील ‘एम.एफ.एस.बी.’ या स्टुडिओतील वादकांच्या विशाल वृंदाला तर १९७४ साली ‘टी.एस.ओ.पी.’ या जवळजवळ शब्दहीन गीताने अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवून दिला. सोलसंगीतातील मऊपणाची परिसीमा या फिलाडेल्फिया घराण्यात पाहावयास मिळते.

‘मऊपणा’ हा शब्द टीकाकार सैलपणे वापरतात, म्हणून तो घडतो कशाने याचा थोडा उलगडा केला पाहिजे. पहिली गोष्ट स्वरसंघांची. तीन स्वरांच्या साध्या स्वरसंघात सातवा आणि नववा स्वर मिळविला की त्या संघाची पुढे जाण्याची ओढ मंदावते. तो आहे तेथेच रेंगाळू शकतो. दुसरी गोष्ट आघाताची. हॅरल्ड ऱ्होड्सने घडविलेल्या विद्युत्‌पियानोत तारांऐवजी बारीक धातूच्या कांड्या असतात. हातोडी कांडीवर पडते आणि तिचे कंपन शेजारचा चुंबकीय ग्राहक विद्युत्‌रूपाने उचलतो. हळू दाबल्यास त्यातून घंटेसारखा गोल नाद निघतो, जोराने दाबल्यास तो खरखरीत होतो. म्हणजे मऊपणा या वाद्यात वादकाच्या बोटांवर अवलंबून असतो. तिसरी गोष्ट काळाची : ड्रमचा ठोका अपेक्षेहून किंचित उशिरा पडला तर ऐकणाऱ्याचे अंग सैल होते. या तिन्ही गोष्टी साथीदारांच्या अखत्यारीतल्या आहेत, गायकाच्या नव्हेत, हे लक्षात ठेवावे.

विद्युत्‌यंत्रेही या मऊपणाच्या विरोधात आली नाहीत. ती प्रथमपासून त्याच्या सोबत होती. स्लाय स्टोनने १९७१ सालच्या ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’ या संग्रहात तालयंत्राचा उपयोग केला आणि त्याच्या निर्विकार टकटकीमुळेच त्या गीतांना एक झोपाळलेली, अंतर्मुख कळा आली. त्याच्या पुढच्याच वर्षी टिमी थॉमस या की-बोर्डवादकाने ‘व्हाय कान्ट वी लिव्ह टुगेदर’ हे गीत काढले. त्यात ऑर्गन, तालयंत्र आणि त्याचा स्वतःचा आवाज यांखेरीज जवळजवळ काहीही नाही. थॉमस हा मूळचा मेंफिसमधील साथीचा वादक, ही गोष्ट माझ्या मते योगायोगाची नाही. इतरांच्या मागे राहून वाजविणाऱ्याला पूर्ण वृंद गोळा करण्याची ऐपत नसते. तालयंत्राने त्याला एकट्याने उभे राहण्याची सोय करून दिली. त्याच सुमारास स्टीव्ही वंडर, माल्कम सेसिल व रॉबर्ट मार्गुलेफ या तंत्रज्ञांच्या ‘टोन्टो’ नामक खोलीभर पसरलेल्या सिंथेसायझरच्या साहाय्याने ‘टॉकिंग बुक’ (१९७२) व ‘इनरव्हिजन्स’ (१९७३) हे संग्रह घडवीत होता. यंत्राने वादकांना हुसकावले हे खरे. पण त्याच यंत्राने काही वादकांना गायकाविना जगावयास शिकविले, हेही तितकेच खरे.

यांत सर्वांत विलक्षण साधन म्हणजे टॉक बॉक्स. ‘फ्री नॅशनल्स’च्या संग्रहाचा गाभा मला या साधनात दिसतो, म्हणून त्याची रचना नीट समजून घेऊ. सिंथेसायझरचा किंवा गिटारचा आवाज एका बंदिस्त पेटीतील ध्वनिक्षेपकातून काढून प्लॅस्टिकच्या नळीत सोडतात. नळीचे दुसरे टोक वादक तोंडाच्या कोपऱ्यात धरतो. तो स्वतः आवाज काढीत नाही. केवळ ओठ, जीभ व जबडा शब्दोच्चाराप्रमाणे हलवितो. त्याच्या तोंडातून बाहेर पडणारा नाद समोरचा मायक्रोफोन टिपतो, आणि ऐकणाऱ्याला वाद्य बोलत आहे असे वाटते.

उच्चारणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात चमत्कार वाटणार नाही. मानवी वाणीचे दोन घटक आहेत, हे गुन्नर फान्टच्या १९६० सालच्या ग्रंथापासून सर्वमान्य झाले आहे : स्वरतंतूंच्या कंपनाने निर्माण होणारा मूळ नाद हा एक, आणि मुखविवराच्या बदलत्या आकाराने त्याला बसणारी गाळणी हा दुसरा. ‘आ’ आणि ‘ई’ हे स्वर एकाच पट्टीत गायले तरी निराळे ऐकू येतात, कारण मुखविवर निरनिराळ्या कंपनसंख्यांना उठाव देते. प्रौढ पुरुषाच्या ‘ई’मध्ये हे उठाव दर सेकंदास सुमारे ३०० आणि २,३०० कंपनांच्या आसपास पडतात, ‘आ’मध्ये ते एकमेकांच्या पुष्कळ जवळ येतात. टॉक बॉक्समध्ये गाळणी वादकाचीच राहते, मूळ नाद तेवढा गळ्यातून निघून की-बोर्डवर जातो. सूर बोटे ठरवितात आणि शब्द तोंड ठरविते. त्यामुळे गळ्याला न पेलणारी उडी बोटे लीलया घेतात, आणि आंदोलन हवे असल्यास डाव्या हाताने चाक फिरविले की काम भागते. घोष व अघोष व्यंजनांतील भेद मात्र पुसट होतो. नळीतून येणारा नाद सतत वाहत असल्यामुळे ‘प’ हा ‘ब’कडे झुकतो, आणि ‘स’साठी वादकाला स्वतःचा श्वास खर्ची घालावा लागतो. या यंत्रवाणीतील बोबडेपणा व लाडिकपणा यांचे मूळ येथे आहे.

व्होकोडर हे याहून भिन्न साधन होय, आणि दोहोंची गल्लत फार होते. बेल प्रयोगशाळेत होमर डडली याने दूरध्वनीवरील संभाषण कमी जागेत पाठविता यावे म्हणून ते सिद्ध केले. त्यात बोलण्याचे विद्युत्‌पद्धतीने अनेक पट्ट्यांत पृथक्करण होते आणि त्या पट्ट्यांच्या चढउताराने दुसऱ्या नादाला आकार दिला जातो. तेथे गाळणीही यंत्राची असते. टॉक बॉक्समध्ये मात्र हाडामांसाचे तोंड लागते. लाळ, श्वास, दातांची ठेवण सगळे त्यात उतरते.

ओहायो राज्यातील रॉजर ट्रौटमन याने ‘झॅप’ या आपल्या वृंदाबरोबर ‘मोर बाउन्स टू द आउन्स’ (१९८०) व ‘कंप्यूटर लव्ह’ (१९८५) या गीतांत टॉक बॉक्सला सोलसंगीतात कायमचे घर मिळवून दिले. १९९५ साली टुपाक शकूर व डॉ. ड्रे यांच्या ‘कॅलिफोर्निया लव्ह’मध्ये त्याचा तो यंत्रस्वर ऐकू आला, आणि कॅलिफोर्नियाच्या संगीताची ती जणू बोलीच होऊन बसली. त्याच डॉ. ड्रे याच्या ‘कॉम्प्टन’ (२०१५) या संग्रहातील अनेक गीतांतून अँडरसन पाक हे नाव प्रथम सर्वदूर पोहोचले. टी. नावाच्या तोंडातील नळीला अशी वंशपरंपरा आहे.

आता मूळ ध्वनिमुद्रिकेकडे वळू. तिच्यातील निमंत्रितांची यादी मोठी आहे. कॅनडाचा डॅनियल सीझर आणि ‘अननोन मॉर्टल ऑर्केस्ट्रा’ हे ‘ब्यूटी अँड एसेक्स’मध्ये आहेत, सिड ही गायिका ‘शिबुया’मध्ये, नेदर्लंड्सचा बेनी सिंग्ज ‘अपार्टमेंट’मध्ये, जमैकाचा क्रॉनिक्स ‘इटर्नल लाइट’मध्ये. याखेरीज जे.आय.डी., काद्या बोने, टी.आय., कॉनवे, वेस्टसाइड गन, जॉइस राइस अशी आणखी नावे आहेत. ‘ओबिच्युअरीज’ या गीतात शफीक हुसेन आहे. पाकच्या हलाखीच्या दिवसांत त्याला काम देऊन सावरणारा हा जुना संगीतकार. आणि खुद्द पाक? तो ‘गिजेट’ या गीतात येतो, पाहुणा म्हणून. नित्य ज्याच्या मागे उभे राहावयाचे त्याला या घरात इतरांसारखेच दार वाजवून यावे लागते, यातील मौज जाणत्या श्रोत्याच्या नजरेतून सुटणार नाही. शीर्षकांतील स्थळांकडेही पाहावे : शिबुया हा टोकियोचा भाग, ऑस्लो हे नॉर्वेतील शहर, रिव्हिंग्टन हा न्यूयॉर्कमधील रस्ता. गावोगाव हिंडणाऱ्या वृंदाची ही प्रवासवहीच वाटते.

पोकळीचा प्रश्न या संग्रहात दोन प्रकारे सोडविलेला आढळतो. बहुतेक ठिकाणी ती पाहुण्याला बसावयास दिली आहे, आणि तेथे या चौघांचे कसब त्यांच्या नित्याच्या कामातलेच, म्हणजे जागा करून देण्याचे आहे. ‘शिबुया’त सिडचा आवाज मुळात कुजबुजीच्या पातळीवरचा. बेस आणि विद्युत्‌पियानो तिच्या वाक्यांच्या मधल्या फटींत पाऊल टाकतात, वाक्यावर पाय देत नाहीत. ‘ब्यूटी अँड एसेक्स’मध्ये गिटारचा पोत थोडा ओलसर, थोडा विरलेला ठेवला आहे, आणि दोन भिन्न प्रकृतींचे गायक त्यात निर्वेधपणे सामावून जातात. दुसरा प्रकार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘गिजेट’ आणि ‘ऑस्लो’ या गीतांच्या श्रेयात टी. नावाचे नाव गाणाऱ्यांत आहे. व्हॅन डाइकच्या ऑर्गनला गायकाच्या खुर्चीत बसूनही बोलता येत नव्हते. पन्नासहून अधिक वर्षांनी तोच की-बोर्डवादक त्याच खुर्चीत बसतो आणि त्याचे वाद्य शब्द उच्चारते. त्यासाठी त्याला आपले साथीदारपण सोडावे लागत नाही, कारण सूर अजूनही बोटांतूनच येत असतो.

तालाच्या बाबतीतही यंत्र आणि माणूस यांची अशीच अदलाबदल झालेली आहे. डेट्रॉइटचा जे डिला (१९७४–२००६) हा अकाय कंपनीच्या एम.पी.सी. ३००० या यंत्रावर ताल रचीत असे. ठोके आपोआप सरळ रेषेत बसविण्याची सोय त्या यंत्रात होती. डिला ती टाळी किंवा वाकवी, आणि त्यामुळे एक ठोका लवकर, दुसरा उशिरा असा डगमगता पण हेतुपूर्ण ताल तयार होई. डॅन चार्नस याने २०२२ सालच्या आपल्या ग्रंथात याला सरळ व झुलत्या लयींचे एकाच वेळी नांदणे म्हटले आहे. त्या यंत्राला आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात स्थान मिळाले आहे. मुद्दा असा की, यंत्रावर जन्मलेली ही लय पुढच्या पिढीच्या वादकांनी हातांनी वाजवावयास शिकली. या संग्रहातील बेस जेव्हा ठोक्याच्या मागे लोंबकळतो तेव्हा तो जेमर्सनचा वारस असतो आणि त्या यंत्राचाही.

गुणांबरोबर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पाहुण्यांची गर्दी संग्रहाला मानवलेली नाही. ‘कट मी अ ब्रेक’मध्ये टी.आय. आणि ‘द रिव्हिंग्टन’मध्ये बफेलोचे दोघे रॅपर येतात तेव्हा त्यांच्या बोलण्याचा दाब इतका असतो की वृंद सवयीने मागे सरकतो आणि आपण कोणाची ध्वनिमुद्रिका ऐकत आहोत याचा क्षणभर विसर पडतो. ‘मेल्टिंग पॉट’मध्ये एम.जी.जनी जी दीर्घ निःशब्द वाट चोखाळली, ती येथे कोणी घेत नाही. येथील गीते थोडक्यातच आपले सामान आवरतात. या वादकांची कुवत त्याहून मोठी आहे, अशी माझी समजूत आहे.

‘टाइम’ या गीताविषयी मात्र असे म्हणता येणार नाही. त्यात काली उचिस आणि मॅक मिलर यांचे आवाज आहेत. मॅक मिलर ७ सप्टेंबर २०१८ रोजी, अवघ्या २६ व्या वर्षी मरण पावला. गीत जून २०१९ मध्ये त्याच्या कुटुंबीयांच्या संमतीने प्रसिद्ध झाले. दुरावलेल्या दोघांचा हा संवाद आहे. ती एक बाजू मांडते, तो दुसरी, आणि खाली विद्युत्‌पियानो व बेस एकाच आकृतीवर शांतपणे फिरत राहतात. आज ते ऐकणाऱ्याला ठाऊक असते की यातील एक बाजू आता नवे काही बोलणार नाही. साथीच्या वादकाला नेहमी डोळ्यांसमोर गायक लागतो. त्याच्या श्वासावरून, खांद्याच्या हालचालीवरून तो पुढचे ओळखतो. येथे ऐकणारा त्या वृंदाला एका अनुपस्थित माणसाची साथ करताना ऐकतो, आणि त्यासाठी वृंदाने काही निराळे केलेले नाही. शोकाचे व्हायोलिन नाही, प्रतिध्वनीचा पडदा नाही. मागे राहण्याच्या कलेत मुरलेल्या माणसांनाच हा संयम जमतो.

राहिला प्रश्न नावाचा, आणि तो भावनेपुरता नाही. अमेरिकेत नभोवाणीवर गीत वाजले तर ते रचणाऱ्यांना मानधन मिळते; ध्वनिमुद्रणात गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांना ते देण्याचे बंधन कायद्याने जमिनीवरील केंद्रांवर घातलेले नाही. १९९५ साली अंकीय प्रक्षेपणापुरता वेगळा कायदा झाला. आंतरजालावरील व उपग्रहाद्वारे चालणाऱ्या नभोवाणीचे जे मानधन या कायद्यान्वये वैधानिक परवान्याखाली जमा होते, त्यातील ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के ज्याच्या नावाने ध्वनिमुद्रिका आहे त्या मुख्य कलाकाराला आणि उरलेले ५ टक्के अनाम साथीदारांना जातात. या पाचाचेही दोन भाग होतात : अडीच वादकांच्या निधीत, अडीच साथीच्या गायकांच्या. श्रोता स्वतः गीत निवडून ऐकतो त्या सेवांना ही वाटणी लागू नाही. तेथे करारातील शर्ती चालतात. परंतु करार करावयास बसलेल्या माणसाचे नाव वेष्टनावर आहे की नाही, याने तेथेही पुष्कळ काही ठरते. वेष्टनावर ‘फ्री नॅशनल्स’ ही अक्षरे येणे म्हणजे अडीच टक्क्यांच्या सामाईक निधीतून उठून पंचेचाळीस टक्क्यांच्या पंक्तीला बसणे होय. जेमर्सनच्या काळात ही पंगतच अस्तित्वात नव्हती.

मार्च २०२१ मधील ग्रॅमी पारितोषिकांसाठी या संग्रहाचे नामांकन ‘प्रोग्रेसिव्ह आर अँड बी’ या विभागात झाले. त्या आधी या विभागाला ‘अर्बन कंटेंपररी’ असे नाव होते आणि ते २०२० साली बदलण्यात आले. पारितोषिक ‘थंडरकॅट’ याच्या ‘इट इज व्हॉट इट इज’ या संग्रहाला मिळाले. हा बेसवादक, त्याची बरीच वर्षे एरिका बाडू, स्नूप डॉग आदींच्या मागे वाजविण्यात गेली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये, मृत्यूच्या महिनाभर आधी, मॅक मिलरने वॉशिंग्टनमधील नॅशनल पब्लिक रेडिओच्या कचेरीत जो छोटेखानी कार्यक्रम केला, त्यात पाहुणा म्हणून बेस घेऊन त्याच्या साथीला आलेला वादकही हाच, आणि पारितोषिकप्राप्त संग्रहात शोक आहे तो त्याच मित्राचा.